पंख्याचा काय दोष?

गेल्या दोन-तीन हंगामांत आमच्या किनाऱ्यावर एक नवं औषध आलंय. पिकअप घाटात तापते? मग इंजिनाच्या नाकावरचा पंखा काढा आणि बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा बसवा. ॲव्हरेज वाढतं, ओढ वाढते, आवाज कमी होतो, काटा जागचा हलत नाही. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हे सगळं उरकतं. मागे ढोल वाजत असतात आणि शेवटी एक हात कोऱ्या, चकचकीत रेडिएटरवर नवा काळा पंखा टेकवून अंगठा दाखवतो. त्या रीलमध्ये घाट नसतो. हौद्यात माल नसतो. बहुतेक वेळा गाडीला नंबरप्लेटसुद्धा नसते.

गावपळणीला आचऱ्याचा माणूस गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं. परत कधी यायचं तेही रामेश्वराचा कौल घेऊन ठरतं. एवढी सावध माणसं आम्ही. पण ज्या गाडीवर घराचा हप्ता चालतो तिचा पंखा बदलायचा की नाही, याचा कौल मात्र ज्याने फोंडा घाट नकाशावरही बघितलेला नाही अशा माणसाकडून घेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आचऱ्याहून माल भरून कणकवली, फोंडा, दाजीपूर करत कोल्हापूरला जाणाऱ्या पिकअपला हे औषध चुकीचं आहे. आणि ज्या दुखण्यावर ते दिलं जातंय, ते दुखणं बहुतेक वेळा पंख्याचं नसतंच.

आधी जो पंखा काढून फेकायचा म्हणतात तो काय करतो ते बघू. आपल्याकडच्या लांब बोनेटच्या पिकअपमध्ये इंजिन लांबीला बसवलेलं असतं. त्याचं तोंड थेट रेडिएटरकडे, म्हणून पंखा पट्ट्याच्या जोरावर तिथेच फिरतो. मधोमध जी गोल, खाचांची डबी दिसते तिला मिस्त्री ‘विस्कस’ म्हणतात. तिच्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि तोंडावर दोन धातूंची मिळून केलेली एक पट्टी किंवा स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल चकत्यांमधल्या फटीत शिरतं आणि पंखा इंजिनाला घट्ट धरतो. हवा निवली की तेल माघारी जातं आणि पंखा सैल पडतो, घसरत हळू फिरतो. ‘गरज असेल तेव्हाच चालणारा पंखा’ म्हणून जे आज नवीन म्हणून विकलं जातंय ते तुमच्या गाडीच्या नाकावर आधीपासून बसलेलं आहे. त्याला वायर नाही, रिले नाही, फ्यूज नाही.

आता घाट. माल भरलेली पिकअप दुसऱ्या गिअरवर पंचवीस-तीसच्या वेगाने चढत असते. समोरून येणारा वारा नावालाच, मागून आला तर तोही नाही. इंजिन मात्र दोन-अडीच हजार फेऱ्यांनी ओरडत असतं. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाबरोबर फिरतो, म्हणजे ज्या क्षणी गाडीला हवेची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी तो सर्वांत जोरात असतो. उभ्या गाडीचं इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर चालतं. घाटात फेऱ्या तिप्पट होतात आणि पंख्याने पकड घेतली असली तर हवाही जवळपास तिप्पट. इलेक्ट्रिक पंख्याला हे काही माहीत नसतं. त्याची गती बॅटरी ठरवते. तुम्ही तिठ्यावर चहा पीत उभे असा नाहीतर दाजीपूरच्या चढावर घाम गाळत असा, तो आपल्या एकाच चालीत फिरणार.

शहरातल्या गाडीची गोष्ट बरोबर उलटी. ती सिग्नलला उभी असते, इंजिन मंद असतं, एसी चालू असतो. तिथे पट्ट्यावरचा पंखा आळशी पडतो आणि इलेक्ट्रिक पंखा गाडी वाचवतो. आपल्याकडे तो सर्रास दिसायला लागला तो मारुती ८०० पासून. ती १९८३ च्या डिसेंबरात आली. त्याआधीच्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत इंजिन लांबीला होतं, पंखा पट्ट्यावर होता. मारुतीचं इंजिन आडवं, त्याची कप्पी चाकाकडे तोंड करून. तिथून पट्टा वळवून रेडिएटरसमोर पंखा फिरवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम, म्हणून विजेचा पंखा. म्हणजे तिथे तो आला तो जागेच्या अडचणीतून. पुढे लोकांनी ठरवून टाकलं की विजेचा म्हणजे नवा, नवा म्हणजे चांगला. पट्ट्यावरचा पंखा बापड्या जुन्या मॉडेलात गेला.

थोडा हिशेब करू. वही नको, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे.

या वर्गातल्या पिकअपचं इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे साधारण ५५ किलोवॅट. डिझेलच्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांकडे, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर आणि उरलेला मुख्यतः पाण्याकडे जातो. चढावर इंजिन पूर्ण जोरात असेल तर रेडिएटरला ४० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते असं धरायला हरकत नाही. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. असे वीस गिझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सगळी धग तुम्हाला बोनेटखालच्या त्या एका जाळीतून बाहेर काढायची आहे. हवा चाळीस अंशांनी तापून बाहेर पडते असं मानलं, तर मिनिटाला सुमारे १८०० घनफूट हवा त्या जाळीतून सतत जायला हवी.

खोक्यावर तर २००० लिहिलेलं असतं ना? असतं. पण बाजारातल्या पंख्यांच्या खोक्यावरचा आकडा बहुधा पंख्यासमोर काहीही नसताना मोजलेला असतो, मोकळ्या हवेत. समोर रेडिएटर ठेवला की तो घसरतो. त्या रेडिएटरच्या पत्र्यांत जांभ्याची लाल धूळ, चिखल आणि चार महिन्यांचे किडे भरलेले असले की आणखी घसरतो. आणि पंखा गोल, रेडिएटर चौकोनी. मधलं अंतर झाकणारं कव्हर नसेल तर चारही कोपऱ्यांतून हवा ओढलीच जात नाही. रीलमधला पंखा चार प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधलेला असतो, हे तुम्ही बघितलंच असेल. त्या पट्ट्या घाटाच्या थरथरीत रेडिएटरच्या नळ्यांवर घासत राहतात आणि एक दिवस नळीच फोडतात.

ॲव्हरेजचंही बघू, कारण खरी भुरळ तिथे आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. तीच युनिटं, जी वीजबिलावर येतात. त्यातली इंजिनाच्या दांड्यावर सव्वातीनच्या आसपास पोचतात. पंख्याने सरासरी अर्धा किलोवॅट जरी वाचवला, तरी तासाला अर्धं युनिट, म्हणजे दीडशे मिली डिझेल. कोल्हापूरच्या चार तासांच्या फेरीत अर्धा-पाऊण लिटर, तोही मी सढळ हाताने मोजला. कारण विजेचा पंखा फुकट फिरत नाही. ३०० वॅटचा पंखा १२ व्होल्टवर २५ अँपिअर खातो, ते अल्टरनेटरला द्यावे लागतात, आणि अल्टरनेटर इंजिनाकडून घेतलेल्यापैकी चाळीसेक टक्के स्वतःच उष्णतेत घालवतो. पाऊण लिटर डिझेल कोणालाही नकोसं नसतं, मान्य. पण त्यासाठी हेड गॅसकिट पणाला लावायचं? हेड वाकलं तर लेथवर घासून आणा, इंजिन पुन्हा बांधा, आठ-दहा दिवस गाडी उभी. आणि त्या दिवशीचा माल वेगळाच. बर्फात ठेवलेला बांगडा घाटात वाट बघत नाही.

आणखी एक गोष्ट घाटावरच्या किंवा शहरातल्या सल्लागाराला सुचणारच नाही. आमच्याकडे हवा खारट आहे. पिरावाडीच्या किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी चार पावसाळ्यांत खालून चाळणी होते. तिथे रिलेच्या पिना आणि कनेक्टर हिरवे पडायला किती वेळ लागणार? तांब्यावर ती हिरवी बुरशी धरली की जोड गरम होतो, प्लास्टिक वितळतं, पंखा बंद पडतो. आणि तो मुकाट बंद पडतो. पट्टा तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, वास येतो, ड्रायव्हरला कळतं. विस्कस मरायला लागलं तर महिना महिना आधी कुरकुरतं. विजेचा पंखा थांबला हे काटा चढेपर्यंत कोणालाच कळत नाही, आणि किती पिकअपमधला तापमानाचा काटा आज चालू आहे हे तिठ्यावर उभं राहून विचारून बघा.

मग गाडी तापते कशाने? इथे मी मिस्त्री लोकांनाही मोकळं सोडणार नाही. रीलच्या आधीही आमच्याकडे अशीच औषधं होती. सगळ्यांत आवडतं म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकणं. ‘ह्या हवेत ह्याची गरज नाय’ म्हणून अख्ख्या किनाऱ्यावर हजारो गाड्यांतून तो काढला गेला असेल. त्याने इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आडवाटेचा रस्ताही बंद करत असतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. दुसरं म्हणजे पंख्याचं कव्हर. रेडिएटर काढताना ते आडवं येतं, म्हणून काढलं जातं आणि परत लावायचा कंटाळा म्हणून गॅरेजच्या मागे पडून राहतं. तिसरं पाणी. कूलंट महाग म्हणून विहिरीचं पाणी ओतायचं, आणि खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ होते. त्या पाण्याने ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, नळ्यांत गाळ बसतो. झाकणाचा रबर गेला तर आतला दाब टिकत नाही, आणि दाब नाही म्हणजे पाणी शंभरला उकळणार. निम्मं कूलंट आणि चांगलं झाकण असेल तर तेच मिश्रण सव्वाशेच्या आसपास तग धरतं. शेदीडशे रुपयांच्या रबराची ही करामत. पण झाकणाचं रील कोण करणार!

विस्कस खरोखरच गेलंय का, हे बघायला एक पैसाही लागत नाही. गाडी नीट तापवा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि मग पंखा हाताने फिरवा. जड गेला तर डबी जिवंत आहे. मोकाट गरगरला, किंवा डबीवर तेलाची काळी रेघ दिसली, तर ती बदला. पंखा बदलू नका.

पण हे सगळं केलं तरी काही गाड्या तापणारच, आणि इथे मूळ दुखणं येतं. तिठ्यावर कानावर पडलेली दोन वाक्यं आहेत. एक जण कौतुकाने सांगत होता, “पंखो बदललंय, आता गाडी तापूची नाय.” त्यावर दुसरा, वयाने मोठा, इतकंच म्हणाला, “तापता ती भारान रे बाबा.”

जांभ्याचा एक चिरा उचलून बघा, तीस किलोच्या घरात भरतो. १७०० किलोच्या पासिंगमध्ये असे पंचावन्न-साठ बसतात. आता रस्त्याने जाणाऱ्या पिकअपमधले चिरे मोजा. मासळीचं गणित तर दुहेरी आहे. उन्हाळ्यात मासा टिकायचा तर त्याच्या वजनाइतका बर्फ लागतो. म्हणजे टनभर माशाबरोबर टनभर बर्फ, आणि गाडी भरली तेव्हाच पासिंग ओलांडून गेली. आंब्याच्या पेट्या दिसायला हलक्या. पण हौद्याला वर दोन फळ्या वाढवून त्यांवरही थर चढवला की तिथेही तेच. चढावर वजन उचलायचं काम वजनाच्या प्रमाणात वाढतं, त्यात कोणाची सवलत नाही. तीन टनांची गाडी चार टन झाली की एक तृतीयांश काम जास्त आणि तेवढीच उष्णता जास्त. कंपनीने रेडिएटर तीन टनांचा दिलेला असतो.

मग ड्रायव्हर जास्त का भरतो? हौस म्हणून? भाडं फेरीवर ठरतं. व्यापारी म्हणतो, एवढं एवढ्यात ने, नाहीतर दुसरा तयार आहे. दुसरा असतोच तयार, कारण त्याच्याही गाडीवर कर्ज आहे. हप्ता बारा महिने जातो आणि धंदा आठ महिने. मे संपला की हापूस संपतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी. कमाईचे खरे महिने मार्च ते मे, म्हणजे गाडीला सगळ्यांत जड जाणारे. त्यातून एक फेरी वाचवायची तर माल एका खेपेत कोंबायचा, रेडिएटरचं काय होईल ते होवो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० लिहिलेले आहेत. त्याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणाराही येतो. दाजीपूरला पावती फाटते तेव्हा हा दुसरा माणूस कुठे असतो? तो खाली पेढीवर बसून फोन करत असतो, गाडी अजून पोचली का नाही म्हणून.

या सगळ्यात पाच-सात हजारांचा पंखा कोणाच्या सोयीचा आहे ते बघा. व्यापाऱ्याला भाडं वाढवावं लागत नाही. विकणाऱ्याचा माल खपतो. रीलवाल्याला लाइक मिळतात. गाडी तापली तर ती ड्रायव्हरने पंखा नीट बसवला नाही म्हणून. जास्तीचं ओझं ड्रायव्हरच्या गाडीवर होतंच, आता त्याची जबाबदारीही त्याच्याच खिशातून आणि तीही विजेवर चालणारी. मला चीड याची आहे. पंख्याशी माझं वैर नाही.

म्हणून जिथे तो पंखा शोभतो तेही सांगतो. वाशीच्या बाजारात पेट्या उतरवायला तासन् तास रांगेत उभी राहणारी गाडी, एसी लावलेली, तिला तो चांगला. विस्कसशिवाय कायम फिरणाऱ्या घट्ट पंख्याची जुनी जीप असेल तर बचतही खरी, कारण पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की तो ताकद आठपट खातो, आणि सपाट हायवेवर ती सगळी वाया जाते. पावसात पुलावर पाणी आलं तर विजेचा पंखा बटणाने बंद ठेवता येतो. पट्ट्यावरचा पंखा पाणी कापताना वाकून रेडिएटरला भोक पाडू शकतो. आणि कंपनीनेच दिला असेल तर प्रश्नच नाही. तिथे रेडिएटर, कव्हर, अल्टरनेटर आणि कंट्रोल युनिट सगळं त्या पंख्याला धरून मापात घेतलेलं असतं.

आणि एवढं वाचूनही कोणी बसवणारच असेल, तर निदान नीट बसवा. पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा घ्या, पुढून ढकलणारा नको. पूर्ण जाळी झाकणारं पत्र्याचं कव्हर करून घ्या. पट्ट्यांनी बांधू नका, बाजूच्या चौकटीला ब्रॅकेटने कसा. वायर जाड, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, रिले उंच आणि कोरड्या जागी, पिनांना ग्रीस. पंखा सुरू होताना चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, त्यामुळे फ्यूज नेमक्या मापाचा लावून भागत नाही. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू असताना अल्टरनेटर पुरतो का, ते घाटात नव्हे, घरी मोजा. सेन्सर थर्मोस्टॅट उघडण्याच्या वरच्या तापमानाला लावणारा घ्या, नाहीतर पंखा दिवसभर फिरत राहील. डॅशबोर्डवर पंखा चालू असल्याचा एक दिवा घाला. आणि पहिल्या चढाला रिकामी गाडी घेऊन जा.

काढलेला पंखा भंगारात देऊ नका. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका, पण विस्कसची डबी गाडीत असते तशीच उभी राहील असं बघा. आडवी पडून राहिली तर तिच्यातलं तेल गळतं.